आत काय लागलं होतं

बस, रेनार्स. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लटपटतो.
कागदाची घडी आहे ना खाली? मग बस.
बघू दे तुझं ते जाहिरातीचं पान.

हो, मीच.
अडुसष्ट सालचा ऑगस्ट.
केस माझेच, पण केस करणाऱ्या बाईने
साखरेच्या पाण्यात असे थापून बसवलेले
की एक गांधीलमाशी दिवसभर माझ्या मागे होती.
निळा रुमाल फोटोवाल्याच्या बायकोचा.
मागचा समुद्र म्हणजे आमच्या कँटीनची भिंत.
वाळू मात्र खरी, दोन पोती,
आठवडाभर सुपात दाताखाली येत राहिली.

आणि हातात 'यूरा-४', कानाशी धरलेला.

तू विचारतोस, त्या क्षणी काय लागलं होतं?
तुम्हा जमवणाऱ्यांत म्हणे वाद आहे,
काट्याची जागा पाहून एक म्हणतो स्टॉकहोम,
दुसरा शपथेवर सांगतो लक्झेंबर्ग.

अरे, काटा रंगवलेला होता.
आत काहीच नव्हतं.
यंत्र तयार व्हायला अजून सात महिने होते,
माझ्या हातात नुसतं खोकं.
फार हलकं, म्हणून हात खोटा दिसत होता,
तेव्हा कँटीनच्या वेल्टाने फडक्यात गुंडाळून
तीन बटाटे भरले आत.
बघ ना चेहरा माझा,
किती जीवाचे कान करून ऐकतेय मी
बटाटे.

खाली काय छापलंय ते मला वाचता येत नव्हतं.
ते पान परदेशासाठी.
पंचवीस वर्षांनी नातीने वाचून दाखवलं:
'साऱ्या जगाचा आवाज, तुमच्या तळहातावर.'
तुमच्या म्हणजे त्यांच्या.
बाहेर जाणाऱ्या संचात तीन पट्टे जास्त असायचे,
एकोणीस, सोळा, तेरा.
आमचं जग पंचवीस मीटरला संपायचं.
तिसऱ्या बाकावर बसून त्या तीन पट्ट्यांच्या कॉइली
मीच गुंडाळायचे,
वेढे मोजत, ओठ न हलवता.

इमांत्सने मग आमच्या घरच्या संचातली कॉइल उलगडली,
काही वेढे काढले, पुन्हा बसवली.
भिंतींना कान होते तेव्हा,
आणि कानांना भिंती.
स्वयंपाकघरात, घोंगडी डोक्यावरून घेऊन,
एकमेकांचा श्वास खात आम्ही ऐकायचो
ती करवत. तुला ठाऊक नाही ती करवत,
मुद्दाम सोडलेली, प्रत्येक शब्दावर फिरणारी.
एका रात्री ती अचानक थांबली
आणि एक बाई एकच शब्द तीनदा म्हणाली,
इतक्या मायेने, की इमांत्स घाबरला.
म्हणाला, खूण आहे कुणाला तरी.
मला वाटलं, कविता.
कित्येक वर्षं भांडी घासताना तो शब्द मी म्हणत होते.

त्र्याण्णव साली नव्या दुकानात
तो शब्द फळीवर दिसला.
साबण निघाला.
इमांत्स नव्हता तोवर. विकत घेतला मी, दोन वड्या.
वास बरा होता.

सोळापर्यंत पोचलो होतो आम्ही. तेरा कधी जमलं नाही.

आण इकडे. हा तुझा खरा ना, यंत्रासकट?
कुठून, अँटवर्पहून? अरे, मग परत आलाच म्हणायचा.
जड आहे. बटाट्यांपेक्षा जड.
लाव तेरावर.

...

केंद्रं बंद झाली म्हणतोस.
सगळी?
असू दे, काढू नकोस सेल. फिरव हळू.
पहिल्यांदाच आलेय मी इथे.
किती मोकळं आहे रे.

हं, काढ आता फोटो.
मान तेवढी लांब होत नाही, तू वाक जरा.
आणि लवकर आटप,
चुलीवर पाणी उकळतंय केव्हाचं.
जेवून जा. दुसरं काही नाही,
बटाटेच आहेत.